थंब लागत नाही

खारदांड्याच्या कोळीवाड्यात ‘अंगठा’ हा शब्द हल्ली कमी ऐकू येतो, ‘थंब’ जास्त. थंब लागला का, थंब लागत नाही, दुसरं बोट ठेवून बघा. रेशनच्या दुकानात, नवं सिमकार्ड घेताना, बँकेच्या माणसाकडे, सगळीकडे हेच. पहाटेपासून मासळी निवडणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या, बर्फात हात घालून बसणाऱ्या बायकांना हे वाक्य इतरांपेक्षा अधिक वेळा ऐकावं लागतं. कवचं, मीठ आणि पाणी यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि यंत्राला नेमक्या त्याच रेषा हव्या असतात. याला आपण तांत्रिक अडचण म्हणतो. मला मात्र तिची मुळं यंत्राच्या बरीच आधीची वाटतात.

जुन्या मराठी महजरांवर लिहिता न येणाऱ्यांच्या नावापुढे लहानशी चित्रं सापडतात. कुणब्याच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या आरसा, सुताराच्या त्याचं हत्यार. माणसाची निशाणी म्हणजे त्याचा धंदा. आता दहा कुणब्यांचे दहा नांगर सारखेच दिसणार, मग ओळख कशी पटायची? ती कागदावर पटतच नसे. भोवती बसलेलं गोत त्या माणसाला ओळखत असे, कागद फक्त त्याची आठवण ठेवी. (या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. गोत कोणाला जवळ बसवी आणि कोणाला दूर, हे आपल्याला ठाऊक आहे.)

धंद्याच्या जागी कातडी आली ती बंगालमध्ये. जुलै 1858 मध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. हेतू काय होता, हे त्याने पुढे 1916 च्या आपल्या पुस्तकात सांगून टाकलं: आपली सही नाकारण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये, असा धाक बसवायचा होता. 1877 मध्ये हुगळीचा कलेक्टर असताना त्याने दस्तनोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे सुरू केले. मेलेल्या माणसाचं पेन्शन दुसऱ्याने उचलू नये, ही काळजी तेव्हाचीच. 2014 मध्ये सुरू झालेला डिजिटल हयातीचा दाखला हे तिचंच नवं रूप.

पुढची गोष्ट पोलिसांची. बंगालचे पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचं वर्गीकरण बसवलं, 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं आणि पद्धतीला नाव मिळालं हेन्री यांचं. ते 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलिसदल उभारायला गेले. ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर नोंदणीसाठी ठशांची सक्ती आली तेव्हा गांधीजींनी हेन्री यांचंच पुस्तक मिळवून वाचलं आणि ताडलं, की कायद्याने असे ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतले जातात. जानेवारी 1908 मध्ये मात्र त्यांनी समेट करून स्वेच्छेने ठसे द्यायचं मान्य केलं. 10 फेब्रुवारीला ते नोंदणीसाठी निघाले असता मीर आलम या पठाणाने त्यांना रस्त्यात मारलं. सरकारने शब्द पाळला नाही, आणि ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या मशिदीच्या आवारात नोंदणीपत्रांची होळी झाली.

आपल्याकडे शाईचा अंगठा अंगवळणी पडला, ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवीही पडली. पण त्या अंगठ्यात एक सवलत होती, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तो तिथल्या तिथे तपासला जात नसे. पुसट उठला तरी व्यवहार पुरा होई. वाद निघालाच तर तज्ज्ञाकडे जाई. यंत्राने हा क्रम उलटा केला. आधी सिद्ध करा, मग तांदूळ.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं. नोंदणीत दहा बोटं, दोन बुबुळं आणि चेहरा. दुकानातलं यंत्र बोटाचा ठसा टिपतं, मग रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात ते नोंदणीच्या वेळच्या नमुन्याशी जुळवून साम्याचे गुण दिले जातात. ठरलेल्या रेघेच्या वर गुण गेले तर ‘हो’, नाहीतर ‘नाही’. हा शक्यतेचा हिशेब आहे. दुकानात मात्र तो निवाडा म्हणून ऐकवला जातो. मार्च 2018 मध्ये प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की सरकारी सेवांत पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण 88 टक्के आहे. उरलेले 12 टक्के म्हणजे प्रयोगशाळेतली चूक नव्हे, रांगेतली माणसं.

आमच्या शेजारच्या एका आजींबरोबर मी अशा रांगेत उभा राहिलो आहे. त्यांनी अंगठा पदराला पुसला, लावला. पुन्हा पुसला, लावला. मग तर्जनी. दुकानदार भला माणूस, म्हणाला, ओटीपी मागवतो. नंबर मुलाच्या मोबाइलचा, आणि मुलगा होडीवर, दर्यात. “म्हावरा साफ करून करून झिजला आंगठा, त्याला मी काय करू?” आजी म्हणाल्या. नांगराच्या काळात त्यांच्या नावापुढे बहुधा धंद्याचीच काहीतरी खूण आली असती. आज तोच धंदा त्यांची खूण पुसतो आहे.

दुसरी बाजू उलटी आहे. खरा अंगठा लागत नाही, खोटा लागतो. 2018 मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांवरून लोकांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी शिक्के बनवले आणि हजारो सिमकार्डं चालू केली. हर्शेलने दस्तावर ठसा आणला तो पुरावा म्हणून. आता तो उघड्यावर पडलेली किल्ली झाला, आणि हे कुलूप बदलता येत नाही. पासवर्ड गेला तर नवा घेता येतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात चार विरुद्ध एक मताने सिमकार्ड आणि बँकखात्यांवरची सक्ती गेली. विरोधी मत न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. अनुदान आणि रेशनवरची सक्ती राहिली. ज्यांची बोटं मऊ, त्यांना सुटका लवकर मिळाली, असं मला हा निकाल वाचताना वाटलं.

प्राधिकरणाचं 24 ऑक्टोबर 2017 चं परिपत्रक सांगतं, की ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अपवादाची वेगळी नोंद ठेवावी. खारदांड्याच्या दुकानात तशी वही मी मागितली, आणि ती निघाली. आखलेले रकाने, शिधापत्रिकेचा क्रमांक, किलो, आणि शेवटी सहीची जागा. आजींच्या नावापुढे तीन महिन्यांचे तीन अंगठे होते, निळ्या शाईचे, तिन्ही अर्धवट उठलेले.