मौ मौ उठाव

पूर्व आफ्रिकेतील केन्या या ब्रिटिश वसाहतीत १९५२–६० या काळात प्रामुख्याने किकुयू जमातीने केलेला सशस्त्र उठाव. प्रदेशाची रचना व वसाहतकालीन जमीनधोरण यांतून राजकीय हिंसाचार कसा आकारास येतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

केन्याचा मध्यवर्ती पठारी प्रदेश विषुववृत्तालगत असूनही उंचीमुळे थंड व सुपीक आहे. मोंबासा बंदर व व्हिक्टोरिया सरोवर यांना जोडणारा लोहमार्ग १९०१ मध्ये पूर्ण झाला आणि हा प्रदेश यूरोपीय मळेवाल्यांना सुगम झाला. १९०२ व १९१५ च्या जमीनविषयक अध्यादेशांन्वये त्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने जमिनी मिळाल्या. १९१५ नंतर ही मुदत ९९९ वर्षे झाली. किकुयूंच्या वाट्याला दाट वस्तीची राखीव क्षेत्रे किंवा गोऱ्यांच्या मळ्यांवरील मजुरी आली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या किकुयू सेंट्रल असोसिएशनवर सरकारने १९४० मध्ये बंदी घातली. सनदशीर मार्ग असे आक्रसत गेल्यावर गुप्त शपथविधींना जोर चढला.

राखीव क्षेत्रांना लागून असलेली अ‍ॅबरडेअर पर्वतश्रेणी व मौंट केन्या यांवरील घनदाट अरण्ये बंडखोरांचा आश्रय बनली. तथापि बाहेरून शस्त्रे पुरविणारा शेजारी देश त्यांना लाभला नाही. अल्जीरियातील बंडखोरांना ट्युनिशिया व मोरोक्को यांच्या सीमांचा जो आधार मिळाला, तो येथे नव्हता. गावठी बंदुका व कोयते यांवरच त्यांची भिस्त राहिली. २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी पुकारल्यावर सरकारने याच उणिवेचा लाभ घेतला. सु. १० लाख लोकांना कुंपणबंद गावांत हलवून अरण्याची रसद तोडण्यात आली. बंडखोरांचा नेता डेडन किमाथी १९५६ मध्ये पकडला गेला व १९५७ मध्ये फाशी गेला.

ब्रिटिशांनी या उठावास दहशतवाद म्हटले. बंडखोरांचे अत्याचार खरे होते. १९५३ च्या लारी येथील हत्याकांडात सरकारनिष्ठ किकुयू कुटुंबांतील स्त्रिया व मुलेही बळी पडली. मात्र या संघर्षात ३२ यूरोपीय मळेवाले मारले गेले, तर सरकारी गणनेनुसारच ११,००० वर बंडखोर ठार झाले आणि हजारावर लोकांना फाशी देण्यात आली. होला येथील छावणीत १९५९ मध्ये ११ स्थानबद्ध मारहाणीत मरण पावले. त्यामुळे ब्रिटिश संसदेतही तीव्र टीका झाली.

केन्या १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, तरी मौ मौवरील बंदी २००३ पर्यंत उठली नाही. छळ सोसलेल्या ५,२२८ जणांना भरपाई देण्याचे ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये मान्य केले. उठावाचे मूळ असलेला जमिनीचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतरही पुरता सुटला नाही. अनेक माजी बंडखोर भूमिहीनच राहिले.