साक्षरतेची अट

मताचा हक्क कोणास द्यावा, या प्रश्नाचे उत्तर मुंबई इलाख्यात पुष्कळ वर्षे मुलकी दप्तरातच शोधले जाई. १९१९च्या सुधारणांनी हा हक्क मुख्यतः शेतसारा, घरभाडे आणि प्राप्तिकर यांच्या मापाने मोजला. १९३५च्या कायद्याने ते माप बरेच सैल केले आणि त्याच्या जोडीला विद्येची पात्रता आणून बसविली, तेव्हा ज्याच्या नावे सातबारा नाही पण ज्याच्यापाशी मॅट्रिकचा दाखला आहे, असा गृहस्थही यादीत चढू लागला. दिसावयास ही तरतूद उदार होती खरी. परंतु १९३१च्या शिरगणतीप्रमाणे ज्या देशात शंभरांतील नव्वद माणसांना अक्षरओळख नव्हती, तेथे तिचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, हे सांगावयास ज्योतिषी नको होता.

या विषयाचा तळ गाठला तो डॉ. आंबेडकरांनी. सायमन कमिशनच्या निमित्ताने नेमलेल्या प्रांतिक समितीत सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यामुळे मे १९२९मध्ये त्यांनी स्वतंत्र अहवाल सादर केला, आणि त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी करताना साक्षरतेच्या पुरस्कर्त्यांचे दोन भ्रम दाखविले : निरक्षर माणूस निर्बुद्धच असतो हा एक, आणि अक्षरे आली की बुद्धीही वाढते हा दुसरा. त्यांतला दुसरा भ्रम मला अधिक हट्टी वाटतो, कारण तो सुशिक्षितांच्या सोयीचा आहे. शिवाय निरक्षरतेचा दोष कोणाचा, हा प्रश्न उरतोच. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. शाळेचे दार ज्यांना बंद, त्यांच्याकडेच पुढे मतासाठी दाखला मागणे, याला न्याय कसे म्हणावे?

असाच व्यवहार अमेरिकेतही चालला होता. मिसिसिपी राज्याने १८९०मध्ये राज्यघटनेचे कलम वाचून दाखविण्याची किंवा ते ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली, आणि अर्थ बरोबर की चूक हे ठरविणारा अंमलदार गोरा असे. ओक्लाहोमाने त्यापुढे जाऊन, ज्यांचे आजे-पणजे १८६६च्या आरंभी मतदानास पात्र होते त्यांना परीक्षाच माफ केली. म्हणजे निरक्षर गोरा सुटला आणि गुलामाचा नातू अडकला. ही सवलत तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून १९१५मध्ये अवैध ठरविली, तेव्हा आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी होते.

भारतीय संविधानाच्या ३२६व्या कलमाने हा वाद निकालात काढला. वय एकवीस वर्षांचे असले की पुरे. पुढे १९८९मध्ये ते अठरावर आले. साक्षरतेचा त्यात उल्लेखही नाही. मग सुमारे सतरा कोटी मतदारांची, त्यांत बहुसंख्य निरक्षरांची, पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडावयाची कशी, ही चिंता निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या वाट्यास आली. उपाय साधा निघाला. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने पडद्याआड जाऊन नाशिकच्या छापखान्यातून आलेला कागद मनातल्या पेटीत टाकावयाचा, त्यावर खूण करण्याचेही कारण नाही. यातल्या कितीतरी लोखंडी पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. घोटाळा झाला तो अन्यत्र : उत्तरेकडील प्रांतांत अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगावयास नकार देऊन ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद करविली, आणि अशी सुमारे अठ्ठावीस लाख नावे यादीतून गाळावी लागली. साक्षरतेच्या अटीने नव्हे, तर लज्जेच्या रिवाजाने हक्क गेला.

मतदारापुरती अट गेली, तरी उमेदवाराच्या बाबतीत ती पुन्हा डोके वर काढून आहे. हरियाणाने २०१५मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना सामान्यतः दहावीची, स्त्रिया व अनुसूचित जातींना त्याहून कमी इयत्तेची अट घातली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. ज्या गावकऱ्याच्या मतावर सरपंच निवडून येतो, त्याला स्वतः सरपंच होण्यासाठी मात्र आता शाळेचा दाखला दाखवावा लागतो.