घशाचं औषध, गाडीचा रंग

गॅरेजच्या पाटीवर ‘ड्यूको पेंटिंग’ असं आपण वाचतो. ड्यूको हे अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. पहिल्या महायुद्धात ही कंपनी बंदुकीची दारू बनवायची. त्या दारूतल्या नायट्रोसेल्युलोजपासूनच पुढं हा रंग झाला. १९२४च्या ओकलंड मोटारी त्याच्या निळ्या छटेत आल्या. ब्रशानं रंगवलेली गाडी वाळायला आठवडे लागत. आता तास पुरू लागले. इतक्या झटपट वाळणाऱ्या रंगाला ब्रश चालेना, फवारा हवा. तो तयारच होता. टोलेडो शहरातल्या डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्याचं उपकरण केलं होतं. त्यांचा मुलगा थॉमस यानं १९०७मध्ये त्यावरून रंगाची गन बनवली.

तरुणपणी उस्तादांनी माझ्या हाती पहिल्यांदा गन दिली, तेव्हा समोर फियाटचा दरवाजा होता. “हात सरळ ने, बेटा. थांबलास की रंग ओघळला.” दरवाजा आरशासारखा झाला. उस्तादांच्या तोंडाला मात्र नुसता रुमाल होता.

हार्डनर घालून मारायच्या आजच्या रंगांत आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडू शकतो. रुमाल ते अडवत नाही. घशासाठी जन्मलेली ही गन पोराच्या हाती देण्याआधी, शुद्ध हवा पुरवणारा मास्क त्याच्या तोंडावर चढवायला हवा.