एक देश, दोन वाटा : आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांची अमेरिका

१/२२
कल्याणच्या दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोनगाव लागते आणि भिवंडी तालुका सुरू होतो. मराठ्यांच्या इतिहासात ‘कल्याण-भिवंडी’ हे नाव जोडीनेच येते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी स्वराज्यात आणली. याच परिसरात संसार मांडलेले एक जोडपे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला पोहोचले. मात्र ते जोडीने गेले नाही. दोघे एकेकटे गेले, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांनी.

२/२२
डॉ. आनंदीबाई जोशी आणि गोपाळराव जोशी यांची कथा कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांमुळे घरोघरी ठाऊक आहे. हट्टी नवरा, बुद्धिमान बायको, फिलाडेल्फियाची पदवी आणि अकाली मृत्यू एवढीच तिची चौकट बहुधा सांगितली जाते. हा थ्रेड त्या चौकटीतल्या एकाच भागाविषयी आहे. या दोघांनी पाहिलेली अमेरिका नेमकी कोणती होती? तिथे त्यांना कोणी सामावून घेतले? आणि त्या प्रवासाने त्यांच्या नात्याचे काय केले?

३/२२
आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, माहेर कल्याणचे. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. वर संगमनेरचा, विधुर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा आणि कल्याणच्या टपाल कचेरीत कारकून. पत्नीला शिकवायचे, हा गोपाळरावांचा ध्यास होता. तो ध्यास प्रेमळ नव्हता. अभ्यास चुकला तर मार बसे.

४/२२
टपाल खात्याच्या बदल्यांबरोबर हा संसार अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे बंगाल असा फिरत राहिला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो दगावला. वैद्यकाकडे त्यांचे मन वळण्यामागे हे दुःख होते. पुरुष डॉक्टरकडे जाण्याचा संकोच आणि स्त्री डॉक्टरांचा अभाव यांत किती बायका विनाउपचार मरतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

५/२२
गोपाळराव टपाल कारकून होते, हा तपशील चरित्रांत ओझरता येतो. पण या कथेत तो महत्त्वाचा आहे. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघ स्थापन झाला आणि १८७६ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान त्यात सामील झाला. त्यामुळे सदस्य देशांमधला पत्रव्यवहार सुलभ आणि स्वस्त झाला. सामान्य पगाराच्या माणसाला अमेरिकेशी पत्राने बोलता येईल, असा काळ नुकताच उगवला होता.

६/२२
कोल्हापुरात रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने अनेक वर्षे काम केले होते. मायदेशी परतल्यावर त्याने प्रिन्स्टन या छोट्या गावातून मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. पत्नीला अमेरिकेत शिकता यावे आणि आपल्याला तिथे काही काम मिळावे, अशी विनंती करणारे पत्र गोपाळरावांनी त्याला धाडले. त्याचा सल्ला एकच होता : ख्रिस्ती व्हा. तो सल्ला गोपाळरावांना मान्य नव्हता. वाइल्डरने मात्र तो पत्रव्यवहार छापून टाकला.

७/२२
आणि इथे इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळाले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला तो अंक त्यांनी चाळला. धर्मांतराची अट घालून नाकारल्या गेलेल्या एका मुलीची हकिगत वाचून त्या अस्वस्थ झाल्या. १८८० मध्ये त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. कार्पेंटरबाई मिशनरी नव्हत्या, कोणत्या संस्थेच्या पदाधिकारीही नव्हत्या. त्या एका गावातल्या गृहिणी होत्या.

८/२२
त्या पत्रातून मैत्री जुळली. दोन देश, दोन धर्म, दोन पिढ्या, आणि प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. तरीही सण, आहार, विवाह, आजार, देव अशा साऱ्याच विषयांवर दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. आनंदीबाई त्यांना मावशीच्या नात्याने संबोधू लागल्या. मिशनने जे दार अटीवर उघडायची तयारी दाखवली होती, ते एका कुटुंबाने बिनशर्त उघडले.

९/२२
प्रश्न होता तो दोघांनी जाण्याचा. गोपाळरावांवर आईवडिलांचा आणि धाकट्या भावंडांचा भार होता. दोघांच्या खर्चाची सोय होण्याजोगी नव्हती. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जावे असे ठरले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले आणि लोक विचारत असलेल्या सहा प्रश्नांना उत्तरे दिली. ‘एकटीच का जातेस?’ हा त्यांतलाच एक प्रश्न होता. जातिबहिष्काराचा प्रश्नही होता.

१०/२२
७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाज सुटले. आनंदीबाई पश्चिमेकडे निघाल्या आणि अटलांटिक ओलांडून ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा वर्षे. कार्पेंटरबाई बंदरावर न्यायला आल्या होत्या. पत्रातली मावशी पहिल्यांदाच समोर उभी होती. तिथून मुक्काम हलला तो रोझेलच्या घरी. आनंदीबाईंनी अमेरिकेची ओळख करून घेतली ती अशा एका गावातल्या घराच्या ओसरीवरून.

११/२२
हे रोझेल म्हणजे कोणती आडवाट नव्हती. त्याच वर्षी १९ जानेवारीला थॉमस एडिसनने तिथे खांबांवरून तारा नेऊन विजेच्या दिव्यांची व्यवस्था सुरू केली होती. अशा पद्धतीने उजळलेल्या जगातल्या पहिल्या गावांत रोझेलची गणना होते. आनंदीबाई पोहोचल्या तेव्हा त्या दिव्यांना पाच महिनेही झाले नव्हते. त्यांनी पाहिलेली छोटी अमेरिकन गावे अशी होती : आकाराने लहान, पण नव्या युगाची प्रयोगशाळा.

१२/२२
या गावात आनंदीबाई शाकाहारीच राहिल्या. कुंकू सुटले नाही, साडीही सुटली नाही. पण थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला आरंभ केला. या बदलाचा खुलासाही पत्रातून पतीला करावा लागला. हजारो मैलांवरूनही गोपाळरावांचा पहारा टपालाने पोहोचत होता.

१३/२२
ऑक्टोबर १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था केवळ स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच उभी राहिली होती. अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी आस्थेने लक्ष घातले आणि शिष्यवृत्ती मिळाली. खोली मात्र थंड होती, चूल धूर ओकणारी होती. पुढे घटसर्पाने गाठले. प्रकृती खालावत गेली ती इथूनच. सुटीत आसरा पुन्हा रोझेलचाच.

१४/२२
त्या काळी अमेरिका फिरायची ती रेल्वेने. पूर्व आणि पश्चिम किनारे १८६९ मध्ये लोहमार्गाने जोडले गेले होते. तरीही प्रत्येक गावाचे घड्याळ निराळे चाले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी देशभर प्रमाणवेळ लागू केली. मोटारगाडी तर अजून जन्मली नव्हती. कार्ल बेंझने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. ‘रोड ट्रिप’ ही कल्पनाच तेव्हा संभवत नव्हती.

१५/२२
आता दुसरी वाट. गोपाळरावांनाही अमेरिकेची ओढ होतीच. ते पूर्वेकडे निघाले. ब्रह्मदेश, चीन, जपान असे टप्पे घेत, पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि तिथून व्याख्याने देत पूर्व किनाऱ्याकडे सरकत राहिले. १८८५ मध्ये दोघांची भेट झाली. पत्नी अटलांटिककडून आलेली, पती पॅसिफिककडून. पुढे ते अटलांटिकमार्गे परतले, म्हणजे टपाल खात्यातल्या या कारकुनाने पृथ्वीप्रदक्षिणाच पुरी केली.

१६/२२
पैसा नसलेला परदेशी माणूस व्याख्यानांच्या बळावर खंड कसा ओलांडू शकला? त्याचे उत्तर त्या समाजरचनेत आहे. गावोगावच्या सभागृहांत आणि चर्चमध्ये तिकीट लावून व्याख्याने ऐकण्याची प्रथा अमेरिकेत दृढ झाली होती. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी लेखक, सुधारक, प्रवासी गावांतून फिरत. ‘हिंदू ब्राह्मण’ वक्ता हे तर मोठेच कुतूहल. विवेकानंद शिकागोला बोलले १८९३ मध्ये. गोपाळरावांची ही भ्रमंती त्याच्या आठ वर्षे आधीची आहे.

१७/२२
मात्र गोपाळराव श्रोत्यांना खूश करणाऱ्यांपैकी नव्हते. मिशनऱ्यांवर आणि पाश्चात्त्य संस्कृतीच्या दंभावर ते जाहीर टीका करत. वसाहतीत राहणाऱ्या माणसाने गोऱ्या श्रोत्यांसमोर असे बोलावे, हे धाडस खरेच. पण त्याची किंमत वेगळ्याच व्यक्तीला मोजावी लागे. ज्या माणसांच्या सद्भावनेवर आनंदीबाईंचे शिक्षण चालले होते, तीच माणसे या बोलण्याने अवघडत.

१८/२२
आनंदीबाईंवरही प्रतिनिधित्वाचे ओझे होतेच. एका व्याख्यानात त्यांनी बालविवाहाची बाजू घेतली आणि अमेरिकन स्नेही चकित झाले. स्वतः नवव्या वर्षी लग्न झालेल्या, मूल गमावलेल्या स्त्रीने असे का बोलावे? परक्या सभागृहात व्यक्ती उरत नाही, तिच्याकडे ‘देश’ म्हणूनच पाहिले जाते. त्या नजरेसमोर घरची उणीदुणी काढणे त्यांना जड गेले असावे, असा एक अन्वयार्थ लावता येतो. तो एकमेव नाही.

१९/२२
व्यासपीठावर जे बोलता आले नाही ते पत्रांत उतरले. गोपाळरावांच्या टोचणाऱ्या पत्रांना उत्तर देताना आनंदीबाईंनी लहानपणीचा मार, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या यांची वयानिशी आठवण करून दिली. आणि त्याच पत्रात, ही वागणूक बरी म्हणावी की वाईट हे ठरवणे कठीण आहे, अशीही कबुली दिली. कारण शिक्षण आले ते त्याच हातांनी. कल्याणच्या घरात हे लिहिणे शक्य झाले असते का? अंतराने त्यांना हा आवाज दिला.

२०/२२
११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली. एकविसावा वाढदिवस अजून वीस दिवसांवर होता. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभाला गोपाळराव होते आणि इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. ज्या कोल्हापुरातल्या मिशनऱ्याला पहिले पत्र गेले होते, तिथेच परतायचे होते.

२१/२२
ऑक्टोबर १८८६ मध्ये दोघे न्यूयॉर्कहून निघाले. हा त्यांचा अखेरचा एकत्र सागरप्रवास. क्षयाने आनंदीबाई खंगल्या होत्या. नोव्हेंबरात मुंबई आली. कोल्हापूरच्या कामावर रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत ते काम काशीबाई कानिटकरांनी केले. आनंदीबाईंची पत्रे आपल्यापर्यंत पोहोचली ती अशा स्त्रियांमुळे.

२२/२२
गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडल्या. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पकिप्सी नावाचे एक छोटे शहर आहे. तिथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या अस्थींवर आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा आहे. गोपाळराव १९१२ मध्ये भारतात वारले. त्यांना नायक ठरवावे की खलनायक, हा वाद चित्रपट पाहून दर वेळी नव्याने रंगतो. तो रंगवण्याआधी आनंदीबाईंची पत्रे वाचावीत. त्यांनी स्वतः तो निकाल दिला नव्हता. पण आपल्यावर काय गुदरले, हे मात्र वयासह, नेमके, लिहून ठेवले होते.

(समाप्त)