बाटलीला घातलेले मुसके

इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या वाड्यांतील हंड्या-झुंबरांमुळे बेल्जियमच्या काचेचे नाव मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच देशाच्या बिअरचा इतिहास मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. मद्याचे नाव काढताच भुवया उंचावतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हा इतिहास पिण्याचा नसून कोंडण्याचा आहे.

जवाच्या माल्टाच्या अर्कात किण्व पडले की ते साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण करते. उघड्या पिंपातून हा वायू निघून जातो. बेल्जियमच्या पद्धतीत बाटली भरताना पुन्हा थोडी साखर, व बहुधा ताजे किण्वही, घालून बूच मारतात. आंबण्याची क्रिया बाटलीच्या पोटातच नव्याने सुरू होते आणि कोंडलेला वायू पेयात मुरतो. साखर कमी पडली तर बिअर निर्जीव होते. अधिक झाली तर बाटली फुटते.

हे कोडे आधी पडले ते शेजारच्या फ्रान्समधील शांपेन प्रांतातील द्राक्षमद्यवाल्यांना. वसंतात हवेला ऊब आली की तळघरात एखादी बाटली फुटे, तिच्या तुकड्यांनी शेजारची फुटे, आणि पाहता पाहता रांगच्या रांग गारद होई. तेथे काम करणारे मजूर तोंडावर लोखंडी मुखवटे चढवून आत उतरत. फेसाळ मद्याचा जनक म्हणून दों पेरिन्यों या मठवासीयाचे नाव घेतले जाते. ती लोककथा आहे. त्या बिचाऱ्याची खटपट फेस टाळण्याचीच होती! इंग्लंडात १६१५ साली काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी झाली, दगडी कोळशाची प्रखर आच आली, आणि जाड, बळकट बाटली घडू लागली. पुढे १८३६ साली शालों येथील फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने साखरेचे माप काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि अंदाजाच्या जागी गणित आले. बूच तोवर सुतळीने आवळीत. १८४४ साली अडोल्फ जाकसों याने बुचाच्या माथ्यावर बसणाऱ्या पत्र्याच्या टोपीचे पेटंट घेतले. त्यामुळे बंध बुचात रुतेनासा झाला. टोपीवरून आवळायच्या तारेच्या जाळीस फ्रेंच भाषेत ‘म्युझले’ म्हणतात. मळणीच्या बैलाला आपण मुसके घालतो, नेमका तोच या शब्दाचा अर्थ.

ब्रुसेल्सच्या परिसरातील ‘ग्यूझ’ करणाऱ्यांनी शांपेनच्या याच बाटल्या आपल्याशा केल्या. त्यांची रीत निराळी. ते वरून साखर घालीत नाहीत. दोन-तीन वर्षे मुरलेल्या जुन्या बिअरमध्ये वर्षभराची कोवळी बिअर मिसळतात आणि कोवळीतील उरलेली साखर फेस आणते. किती जुनी, किती कोवळी, हे मिसळणाऱ्याची जीभ ठरविते.

मठांची गोष्ट याहून वेगळी. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीप्रमाणे मठवासीयाने स्वतःच्या हातांच्या श्रमांवर जगावे. मद्य साधूंसाठी नव्हेच, पण हल्लीच्या साधूंना हे पटविता येत नाही, तेव्हा निदान बेताने तरी घ्यावे, असेही ते तीत काहीशा हताशपणे नमूद करतात. फ्रेंच राज्यक्रांतीपुढे देशोधडीला लागलेल्या ट्रॅपिस्ट साधूंनी १७९४ साली वेस्टमाले येथे आश्रय घेतला, आणि १८३६ च्या १० डिसेंबरला त्यांच्या पंगतीत घरची बिअर प्रथम वाढली गेली. स्कुरमों मठाची ‘शिमे’ बिअर १८६२ पासूनची. मापून साखर घातली तरी रानटी सूक्ष्मजंतू शिरले की ते माप कोलमडते, कारण किण्वाने सोडलेली साखरही हे पाहुणे खातात आणि दाब वाढतच राहतो. म्हणून फादर तेओदोर यांनी लुव्हेनचे प्राध्यापक झां द क्लेर्क यांच्या साहाय्याने १९४८ साली किण्वाचे शुद्ध वाण वेगळे केले, हे काम यंत्रसामग्रीपेक्षा मोलाचे मानावे लागते.

बूच मात्र अजून झाडाचेच उत्तम. आपल्या रस्त्यांवर पांढरी सुगंधी फुले ढाळणारे बुचाचे झाड ते हे नव्हे. हा ओक वृक्ष. त्याचे मोठे आगर म्हणजे १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य करणारे पोर्तुगाल. झाड सुमारे २५ वर्षांचे झाल्यावर साल प्रथम काढतात, आणि नंतर दर ९ वर्षांनी.

घरी बिअर करणारे युरोप-अमेरिकेतील हौशी लोक आज हीच वाट चालतात. साध्या बिअरला लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम साखर पुरते, बेल्जियमच्या पद्धतीला सुमारे १० लागते; म्हणून पातळ काचेची बाटली येथे चालत नाही. सुमारे २५ मिलिमीटर जाडीचे बूच दांड्याच्या यंत्रात चेपून १७-१८ मिलिमीटरच्या गळ्यात उतरवायचे, तेही अर्धेच. बाहेर राहिलेला भाग छत्रीसारखा फुगतो. त्यावर तारेचे मुसके बसवून कडीला सहा अर्धे पिळे द्यायचे. मग उबदार खोलीत दोन-तीन आठवडे वाट पाहायची. सावध माणूस या काळात बाटल्या झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवतो, आणि पेटी उघडताना डोळ्यांवर जाड चष्मा चढवितो.