शेताजवळचे कॉलेज

अमेरिकेतील उच्च कृषिशिक्षणाचा पाया १८६२च्या मॉरिल कायद्याने घातला. संघीय विधिमंडळातील आपल्या प्रत्येक सदस्यामागे राज्याला ३०,००० एकर जमीन मिळाली आणि तिच्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या निधीवर शेती व यंत्रविद्या शिकवणारी ‘लँड-ग्रँट’, म्हणजे जमीन-अनुदानित, महाविद्यालये निघाली. १८८७च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडली. परंतु ज्याला चार वर्षे घरचे शेत सोडून राहणे परवडत नसे, अशा शेतकऱ्याच्या मुलाला ही विद्या दूरचीच राहिली.

त्याच्यासाठी १९१७चा स्मिथ-ह्यूज कायदा आला. १४ वर्षांवरील, शेतीत असलेल्या वा उतरू पाहणाऱ्या मुलांच्या शिक्षणास त्याने निधी दिला आणि वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतकाम सक्तीचे केले. मात्र हे शिक्षण महाविद्यालयीन पातळीच्या खालचेच असावे, अशी अटही घातली. कॉलेजात शास्त्र आणि शाळेत हातचे काम, ही वाटणी अशा रीतीने कायद्यानेच पक्की केली.

ही दरी बुजवू शकणारी संस्था तोवर अस्तित्वात आली होती. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालेल्या ज्युनियर कॉलेजात पदवीची पहिली दोन वर्षे गावातच पुरी करता येत. १९४७मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांच्या विस्ताराची शिफारस केली व ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ होण्यास मदत झाली; १९६३च्या व्यवसायशिक्षण कायद्याने शालान्त परीक्षेनंतरच्या शिक्षणालाही निधीची वाट मोकळी केली. मक्याच्या आयोवा राज्यात १९६५च्या कायद्यानंतर अशा संस्थांचे जाळे विणले गेले आणि सीडर रॅपिड्सचे कर्कवुड कॉलेज १९६६ साली उभे राहिले.

या कॉलेजांतील ‘कृषी उत्पादन’ या विषयात पीक, पशुधन, यंत्रे आणि शेतीचा हिशेब एकत्र येतात व दोन वर्षांअखेर ‘असोसिएट’ ही पदवीपूर्व पातळीची पदवी मिळते. शेतात अनेक ठिकाणी नळी खुपसून काढलेली माती एकत्र कालवून तिचा एक नमुना करणे, त्याच्या अहवालावरून खताची मात्रा ठरवणे आणि एकरी ठरलेलेच बी पडेल असे पेरणीयंत्र जुळवणे, हे तिथे रसायन आणि गणिताचेच धडे ठरतात. १९१७च्या कायद्यातील पातळीची अट गेली. प्रत्यक्ष शेतकामाचा आग्रह मात्र टिकून राहिला.