शेतकरी आणि नवे अवजार

हिंदुस्थानातील शेतकरी पुराणप्रिय, वाडवडिलांच्या नांगराला चिकटून बसलेला आणि नवे म्हटले की पाठ फिरविणारा, असा एक समज शतकाहून अधिक काळ सरकारी दप्तरांतून वावरत आला आहे. एखादी योजना फसली की टिपणाच्या अखेरीस ‘शेतकऱ्यांची उदासीनता’ एवढे दोन शब्द लिहिले म्हणजे भागते. ते टिपण शेतकऱ्याला वाचावयास मिळत नाही, ही त्यातील सोय! इतिहास चाळू लागले म्हणजे मात्र ही उदासीनता वेगळीच दिसू लागते.

बी, पाणी आणि खत वावराच्या गरजेइतकेच, मोजून द्यावे, या पद्धतीला आज काटेकोर शेती म्हणतात आणि ती परदेशाची देणगी समजली जाते. ओळीने बी पेरण्याच्या यंत्राचे श्रेय इंग्लंडात जेथ्रो टल याला देतात. त्याचे यंत्र १७०१ च्या सुमाराचे. पुढे १७९५ मध्ये कॅप्टन हॅलकट या इंग्रज अधिकाऱ्याला गुंटूरच्या बाजूस एका शेतात पेरणीचे साधेसे अवजार चालताना दिसले. तोवर तो हा युरोपचा अलीकडील शोध समजत होता. चौकशीअंती कळले की, त्या भागात ते पूर्वापार सर्रास वापरात आहे. या पेरणीची हकीकत त्याने लिहून धाडली आणि लंडनच्या कृषिमंडळाने ती पुढे प्रसिद्धही केली. ज्यांनी तिफणीचे चाडे मुठीने भरताना आणि नळ्यांतून बी सारख्या अंतराने पडताना पाहिले आहे, त्यांना कॅप्टनसाहेबांच्या आश्चर्याचे हसू येईल.

१८८९ मध्ये डॉ. व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ हिंदी शेती सुधारण्याचा मार्ग शोधण्यासाठी विलायतेहून आले. देशभर फिरून त्यांनी १८९३ च्या अहवालात नमूद केले की, येथील चांगला रयत सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे. काही बाबतींत सरसही आहे. उणीव आहे ती साधनांची. ज्यांनी त्यांना धाडले, त्यांना हे ऐकण्याची अपेक्षा क्वचितच असेल.

रयत नवे घेते केव्हा, याचा दाखला त्याच काळात बिहारमध्ये मिळत होता. शाहाबाद जिल्ह्यातील बिहिया येथे टॉमसन व मिल्न या जमीनदार गोऱ्यांनी १८७० नंतरच्या दशकात उसासाठी लोखंडी चरक तयार केला. त्यापूर्वी कोल्हूत घालण्यासाठी उसाचे तुकडे करीत बसावे लागे. त्यात माणसे गुंतत, वेळ जाई आणि रस नासण्याचे भय असे. नव्या चरकाच्या लाटांमध्ये अख्खा ऊस सरकविता येई आणि ओढावयास घरचेच बैल पुरत. मुख्य गोष्ट ही की, तो विकत घेण्याची सक्ती नव्हती. हंगामापुरता भाड्याने मिळे. पीक बुडाले तर कर्जाचा डोंगर डोक्यावर उरत नसे. हा चरक उत्तर हिंदुस्थानभर झपाट्याने पसरला. सिरमूर संस्थानातील नाहनच्या कारखान्यातही असे चरक होऊ लागले.

लोखंडी नांगराची कथा थोडी निराळी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात १९०३ मध्ये आपला पहिला नांगर बनविला, पण तो खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु तिच्यामागचा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. लाकडी नांगर खांद्यावर टाकून दूरच्या तुकड्यावर नेता येतो आणि मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करतो. लोखंडी फाळ ऐन पेरणीच्या तोंडावर तुटला तर जावे कोणाकडे? आणि खोल नांगरटीस बैलांच्या जास्त जोड्या आणाव्या कोठून? काळ्या जमिनीतील हराळी आणि कुंदा हा नांगर मुळासकट उपटतो, हे डोळ्यांनी दिसल्यावर दख्खनच्या शेतकऱ्याने तो घेतला. किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर गेला, तेथे किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर घरोघर पोचला.

आता अलीकडचे उदाहरण. लेसर किरणांच्या आधाराने जमीन सपाट करणारे यंत्र २००१ मध्ये पश्चिम उत्तर प्रदेशात आले. वावराच्या कडेला उभ्या केलेल्या यंत्रातून किरण फिरतो आणि ट्रॅक्टरमागील फावडे त्याच्या इशाऱ्याने आपोआप वरखाली होते. जमीन समतल झाली की पाणी सर्वत्र सारखे पसरते आणि भात-गव्हाच्या सिंचनात मोठी बचत होते. यंत्राची किंमत लाखांच्या घरात; आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सरासरी धारणक्षेत्र अवघे १.०८ हेक्टर. तरीही पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात ते पसरले, कारण थोड्यांनी ते घेतले आणि इतरांनी तासाच्या दराने बोलाविले. बिहियाच्या चरकाचीच ही रीत.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तीही भाड्याच्या तत्त्वावरच. बांधावर उभा राहून ड्रोन पाहणारा शेतकरी एकराचा दर विचारतो. आणि हे बिघडले तर दुरुस्त कोठे व्हायचे, तेही विचारतो.